पोटावर पाय देऊ नका

मुक्या प्राण्यांसाठी गळे काढणारे पुष्कळ भेटतात. पण त्या प्राण्यांच्या जिवावर ज्यांचं घर चालतं, त्यांचा विचार कुणी करतो का? प्राणी कल्याण संस्थेत पिंजरे धुणारा, सलाइन लावणारी, रात्री-अपरात्री गाडी काढणारा ड्रायव्हर, दत्तकाचे अर्ज तपासणारी, अशी केवढी तरी मंडळी आहेत. या सगळ्यांचा रोजगार तुमच्या-आमच्या निष्काळजीपणावर उभा आहे. त्याचा तुटवडा आजवर कधी पडलेला नाही, हे खरं. पण हल्ली काही लोक आपल्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी वगैरे करून घेऊ लागलेत. गाफील राहून चालणार नाही.

या क्षेत्रात नोकरीची शाश्वती पूर्वीपासूनच नव्हती. १८२२ साली रिचर्ड मार्टिन यांनी ब्रिटनच्या संसदेत गुरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला. १८२४ मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात प्राण्यांवरचं क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. (कॉफीगृहाचं नाव ‘ओल्ड स्लॉटर्स’. स्लॉटर हे मूळ मालकाचं आडनाव, पण त्याचा दुसरा अर्थ कत्तल. हे मी पदरचं सांगत नाही.) आर्थर ब्रूम नावाचे पाद्री तिचे पहिले सचिव. पगाराचं सोडाच, संस्थेच्या कर्जापायी १८२६ मध्ये त्यांनाच तुरुंगात जावं लागलं. तशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये असं वाटत असेल तर कामाला लागा.

सुरुवात मांजरीपासून करा. एवढ्या कमी भांडवलात इतका रोजगार देणारा दुसरा प्राणी नाही. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, एका वेताला चार-पाच पिल्लं सहज होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही फक्त काही करायचं नाही. नसबंदीचा विषय निघालाच तर म्हणायचं, ‘एकदा तरी आईपण अनुभवू दे हो तिला!’ बोक्याचा विषय निघाला तर तेवढंही बोलावं लागत नाही. घरातल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते, ती पाहून विषय आपोआप मिटतो.

पिल्लं झाली की डोळे उघडायच्या आत खोक्यात भरा. वरून चिकटपट्टी मारा आणि पेनाने दोन भोकं पाडा. भोकं पाडली की माणूस प्राणीप्रेमी ठरतो. खोकं संस्थेच्या फाटकाशी रात्रीच ठेवा, दिवसा कुणीतरी नाव विचारतं.

आता त्या खोक्यातून किती काम निघतं ते बघा. मी काही दिवस अशा एका ठिकाणी हाताखाली काम केलं आहे, म्हणून सांगतो. पिल्लू आधी ऊब देऊन गरम करावं लागतं, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचं दूध चालत नाही, वेगळी पावडर कालवावी लागते. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्याच्या शेपटीखाली हलक्या हाताने फिरवत बसायचं. एवढ्याशा पिल्लाला आपली आपण शू करता येत नाही, आई चाटून करवून घेते; आणि आई तुमच्या घरी पुढच्या वेताच्या तयारीत असते. पाच पिल्लं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसाचे दहा तास झाले. एक खोकं, एक पूर्णवेळ नोकरी! एवढा रोजगार कुठली सरकारी योजना देते?

कुत्र्याच्या बाबतीत थोडी हौस हवी. जात फोटोवरून निवडा. मेंढ्यांमागे दिवसभर धावण्यासाठी जोपासलेली जात बंद फ्लॅटमध्ये ठेवा आणि तो सोफा का फाडतो याचं आश्चर्य करत बसा. चपट्या नाकाचा आणलात तर फारच उत्तम. त्याचं घोरणं तुम्हाला गोड वाटतं. प्रत्यक्षात अरुंद नाकपुड्यांतून श्वास ओढायची ती धडपड असते, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचीही सोय झाली. उन्हात गाडीत कोंडून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून जा. बाहेर २४ अंश असतील तर आत दहा मिनिटांत सुमारे ३४ होतात.

मायक्रोचिप मात्र जरूर बसवा. कातडीखाली बसते, तांदळाच्या दाण्याएवढी असते, बहुधा पंधरा आकडी नंबर असतो आणि त्या नंबरावरून नोंदणीत मालकाचा फोन सापडतो. फक्त मोबाइल नंबर बदलला की तो त्या नोंदणीत कळवायचा नाही. मग दत्तक विभागातली मुलगी दुपारभर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ ऐकत बसते. नाण्याएवढं लाल कानाचं कासव घेतलंत तर ते ताटाएवढं झाल्यावर जवळच्या तळ्यात सोडा. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, त्यामुळे पर्यावरणवाल्यांनाही हातभार लागतो.

कुत्रा परत द्यायची वेळ आली की फॉर्मवर कारण लिहावं लागतं. त्याचं फार टेन्शन घेऊ नका. ‘घर बदलत आहोत’ हे सदाबहार आहे. नव्या घरात कुत्र्याला नेण्याचा शोध जणू अजून लागायचाय. सहा वर्षांनंतर अचानक उपटलेली ॲलर्जीही चालते. मी वाचलेल्यांपैकी सगळ्यांत आवडलेलं कारण निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात होतं: ‘सारखा जवळ येऊन बसतो.’ त्याच्यासोबत त्याचा आवडता चेंडू पिशवीत घालून दिला होता. एवढी माया!

ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्यांना मात्र त्याची कदर नाही. पहाटेची खोकी उघडणाऱ्या ताईंना मी ही योजना एकदा सविस्तर ऐकवली. तुमची नोकरी आता पक्की, असंही म्हटलं. त्यांनी हातातलं पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं, ओला कापूस दिला आणि म्हणाल्या, ‘बोलून झालं असेल तर याला जरा शू करवा. मी फाटकाशी बघून येते, गाडी थांबल्यासारखी वाटली.’