चर्च हॉटेल नाही हे मान्य, मग नव्या माणसाशी बोलायचं कोणी?

दादा, जय ख्रिस्त. तुमची कमेंट पूर्ण वाचली, उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी म्हटलं होतं की उपासनेला नवीन माणूस आला तर मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या कुणीतरी स्वतःहून त्याच्याशी बोलावं, शेजारी बसावं, नाव विचारावं आणि पुढच्या रविवारी ते नाव लक्षात ठेवावं, बस. त्यावर दादा म्हणतात की हे कॉर्पोरेट फॅड आहे, चर्च म्हणजे हॉटेलचं रिसेप्शन नाही, माणूस देवाला भेटायला येतो आपल्याला नाही, वाडवडिलांच्या वेळी वेलकम टीम नव्हती तरी मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि हल्लीच्या वातावरणात अनोळखी माणसाच्या मागे लागलं तर उद्या त्याचा भलताच अर्थ काढतील.

माइकवरून "आज नवीन कोण आलंय, त्यांनी उभं राहा" हा प्रकार मलाही अजिबात आवडत नाही. टाळ्या वाजतात, फूल देतात, आणि ती बिचारी बाई पदर तोंडाला लावून कधी एकदा खाली बसते असं झालेलं असतं. पण मी ते लिहिलंच नव्हतं ना! मी तर म्हणत होतो की ते बंद करा आणि त्याऐवजी एका माणसाने जाऊन बोला.

आता "माणूस देवाला भेटायला येतो" हे. खरंय, पण बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र उघडून बघा, पंधरा अध्याय एवढं खोल शिक्षण दिल्यावर सोळाव्यात काय आहे, तर निव्वळ सलाम, नावं घेऊन घेऊन, फिबी, प्रिस्का, अक्विला, आणि रूफसच्या आईबद्दल तर लिहितो की ती मलाही आईसारखी. योहानाच्या तिसऱ्या पत्राचा शेवटही तोच, मित्रांना सलाम सांग, पण नावानिशी. म्हणजे त्या लोकांना देव आणि माणूस यात निवड करावी लागत नव्हती, आपल्यालाच का लागते काय माहीत.

बाहेरून येणाऱ्याला काय काय होतं ते जरा जवळून बघा. समजा नवापूरकडची एक बाई जळगावला मुलीच्या बाळंतपणासाठी आलीय, रविवारी चर्च शोधत आली. दारात चपलांचा ढीग, म्हणून तिने चपला काढल्या, आत काहीजण बूट घालूनच बसलेत. पुरुष एका बाजूला बायका एका बाजूला हे तिला आत गेल्यावर कळलं. गीताचा नंबर सांगितला, सगळ्यांकडे पुस्तक किंवा मोबाइल, तिच्याकडे काही नाही, आणि तिच्या गावी मावची या तिकडच्या आदिवासी बोलीत म्हणतात ते गीत इथं वेगळ्याच चालीत चाललंय. मग दानाची थैली येते, तिच्या हातात सुटे नाहीत. आणि त्या दिवशी नेमकं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी असला तर बघायलाच नको, भाकर समोर आली, घ्यायची की नाही, तिच्या मंडळीचा बाप्तिस्मा इथं चालतो का, कुणाला विचारणार? न घेता मान खाली घालून बसते आणि आपण पाठीमागून बघून म्हणतो, बाहेरची दिसते.

हे सगळं टाळायला टीम लागत नाही, एक मावशी लागते. तिने आपलं पुस्तक मधे धरायचं, प्रभुभोजनाआधी कानात सांगायचं की आपल्याकडे असं असं असतं, तुम्ही घेत असाल तर घ्या, नसाल तर काही वाटून घेऊ नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की माठ कुठे ठेवलाय ते दाखवायचं. यात कॉर्पोरेट काय आहे सांगा बरं.

वाडवडिलांचं म्हणाल तर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या परदेशी मिशनरी संस्थेची माणसं पश्चिम खानदेशात आली तेव्हापासूनची जुनी घराणी तुम्ही डोळ्यासमोर आणा. मिशन कंपाउंडात मोजकी घरं, एकच विहीर, सगळे एकमेकांचे सोयरे. अनोळखी माणूस फाटकातून आत शिरला की चर्चपर्यंत पोचायच्या आत चार जणांनी विचारलेलं असायचं, "कोन्ता गावना शेतस? बठा, पाणी प्या." टीम नव्हती कारण अख्खं कंपाउंडच ते काम करत होतं. आज तेच कुटुंब शहरात तीन कॉलन्यांत पसरलंय, रविवारी दीड तासासाठी येतं आणि मोटारसायकलला किक मारून जातं. जे आपोआप व्हायचं ते आता कुणीतरी ठरवून केल्याशिवाय होत नाही, साधी गोष्ट आहे.

भुसावळचं तर विचारूच नका. १८६०च्या दशकात रेल्वे आली तेव्हापासून ते गाव बदलीवर आलेल्यांचं, कोण नागपूरचा कोण केरळचा कोण झारखंडचा, लोको पायलट, टीसी, रेल्वे हॉस्पिटलातली नर्स. नाइट करून डोळे चोळत उपासनेला आलेल्या नर्सला हिंदीत "चाय पिओगे?" एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे. पण उपासना संपली की अंगणात आपले आपले घोळके, मामा-मावसभावांचे, आणि ती गेटमधून निघून गेलेली असते.

एक गोष्ट मात्र मी मागच्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहितो, राग आला तर येऊ द्या. आपल्याकडे नव्या माणसाशी बोलतात तेव्हा दुसराच प्रश्न असतो, "आडनाव काय?" आणि आडनाव कळलं की चेहरा बदलतो, कधी खुलतो कधी पडतो, समोरच्याला ते बरोबर कळतं. पिढ्यानपिढ्या हेच ऐकत आलेल्या माणसाला चर्चच्या दारातही तेच विचारलं तर तो परत का येईल? नाव विचारा, पुरे. आडनाव त्याला सांगायचं तेव्हा सांगेल.

आणि खुर्चीचंही तेच. तहसीलदार आला की पंच उठून पुढची खुर्ची देतात, मळक्या शर्टातला शेतमजूर आला तर "तिकडे मागे सतरंजीवर बसा". याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाला आणि फाटक्या कपड्यातला अशी हीच दोन माणसं आहेत, ते आपण दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी खुर्ची तशीच देतो.

भलता अर्थ निघेल ही तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच म्हणतो, फॉर्म भरून घेऊ नका, पहिल्याच दिवशी मोबाइल नंबर मागू नका, आणि त्याला न विचारता फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. हा फोटोचा सोस तर आधी बंद करा, कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे आपल्याला काय माहीत. त्याच्या येण्यामागे काय आहे ते खोदून काढायचं नाही, आला, बसला, गेला, तरी चालेल. पण घाबरून कुणाशी बोलायचंच नाही म्हटलं तर आलेल्यालाही वाटणार की इथं काहीतरी लपवाछपवी आहे.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की हे पाळकसाहेबांनी करावं. अहो, उपासना संपल्यावर त्यांच्याभोवती प्रार्थनेसाठी रांग, एकीकडे कुणाच्या लग्नाची तारीख, दुसरीकडे कमिटीतलं कुणीतरी हिशोबाची वही घेऊन उभं. आणि खरं सांगू का, पाळक बोलले तर पाहुण्याला वाटतं हे त्यांचं कामच आहे. शेजारी बसलेल्या कुणा काकांनी दुसऱ्या रविवारी नावाने हाक मारली तर त्याला तसं वाटत नाही. तुम्ही तुमच्या मंडळीत इतकी वर्षं दाराजवळच्याच बाकावर बसता असं तुम्हीच कमेंटमध्ये लिहिलंय. मग या रविवारपासून तुम्हीच करा ना, आणि जमतं की नाही ते खाली लिहा, मी वाट बघतोय.