समईच्या फोटोतील हिरव्या ठिपक्याविषयी खुलासा

देवघरातील समईचा फोटो रात्री मोबाइलवर काढल्यास त्यात उमटणारा हिरवा ठिपका म्हणजे वास्तूतील दैवी ऊर्जा होय, असा संदेश सध्या फिरत आहे. मीही तो गेल्या आठवड्यात खात्री न करता पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. ज्योतीचा प्रकाश कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून व भिंगांच्या पृष्ठभागांवरून पुन्हा परावर्तित होऊन तिची एक अंधुक प्रतिमा तयार करतो, आणि भिंगांवरील लेप सर्व रंगांचे परावर्तन सारखेच रोखत नसल्याने ती बहुधा हिरवट किंवा जांभळट दिसते.

काल मी स्वतः पडताळून पाहिले. ज्योत चौकटीत डावीकडे वर घेतली की ठिपका उजवीकडे खाली, म्हणजे मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे जातो. तीन वाती लावल्यावर ठिपकेही तीनच झाले, आणि मधली वात हाताआड धरताच मधला ठिपका नाहीसा झाला. (रस्त्यावरचा दिवाही असाच ठिपका देतो.) मोबाइल बिघडला आहे, असेही समजू नये.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना तो माझ्याकडून मिळाला, त्यांनी त्याऐवजी हा खुलासा पाठवावा, ही विनंती.