‘डिग्री नको, रिझल्ट बघा’ : कॉस्मेटिक सर्जरीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

नाकाचं, पोटाचं किंवा केसांचं काही करून घ्यायचं कुणाच्या मनात आलं की फॅमिली ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचं सार असं : ‘डिग्र्यांच्या मागे लागू नका, हात बघा. आधीचे-नंतरचे फोटो बघा, गूगलवरचे तारे मोजा. लोकल भूल असेल तर धोका शून्य, मग मोठं हॉस्पिटल हवं कशाला? जो पॅकेज देतो आणि लेखी गॅरंटी देतो, त्याच्याकडे जा.’ यातला एकही निकष भरवशाचा नाही, आणि लोकल भुलीबद्दलचं वाक्य तर जिवावर बेतू शकतं.

‘डिग्री म्हणजे नुसता कागद’

‘कॉस्मेटिक सर्जन’ नावाची मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी भारतात नाही. त्यामुळे पाटीवरच्या या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. प्लास्टिक सर्जनचा नेहमीचा मार्ग ठरलेला आहे : एमबीबीएस, मग तीन वर्षं एम.एस. जनरल सर्जरी, मग आणखी तीन वर्षं एम.सीएच. किंवा डीआरएनबी (या दोन्ही त्यापुढच्या सुपरस्पेशालिटीच्या पदव्या) प्लास्टिक सर्जरी. जुन्या डॉक्टरांच्या नावापुढे डीएनबी प्लास्टिक सर्जरी असेल, तेही चालेल. या वर्षांत ते भाजलेले रुग्ण, कापले गेलेले हात, दुभंगलेले ओठ, कॅन्सरनंतर पुन्हा बांधायचे जबडे यांवर काम करतात. कातडीला रक्त कुठून येतं आणि किती ताणलं की ती काळी पडते, हे तिथे हाताला कळतं. पोटाची जादा कातडी काढताना नेमकं तेच ज्ञान उपयोगी पडतं. ‘हात बघा’ म्हणणाऱ्यांनी हात कुठे तयार होतो तेही बघावं.

केसरोपण, बोटॉक्स आणि फिलर (कातडीखाली टोचून भराव देणारं जेल) यांसाठी त्वचारोगातले एम.डी. किंवा डीएनबी डॉक्टरही योग्य. केसरोपणाबाबत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, हे स्पष्ट केलं. शनिवार-रविवारच्या कोर्सचं फ्रेम केलेलं ‘फेलोशिप’ प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं तर हे आठवा.

तपासायला पाच मिनिटं लागतात. केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावरच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये राज्य परिषद निवडून नाव आणि क्रमांक टाका. डॉक्टर महाराष्ट्रातला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावरही बघा. नुसतं नाव सापडलं म्हणून थांबू नका, ‘अतिरिक्त पात्रता’ हा रकाना वाचा. पाटीवर एम.सीएच. आणि तिथे फक्त एमबीबीएस असेल, तर प्रमाणपत्र मागा. नोंद अद्ययावत व्हायची राहिली असेल तर खरा डॉक्टर न चिडता कागद दाखवतो. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, तेही झालंय का बघा.

‘आधीचे-नंतरचे फोटो खोटं बोलत नाहीत’

बोलतात. आधीचा फोटो वरून पडणाऱ्या उजेडात, मान खाली, चेहरा उतरलेला. नंतरचा समोरच्या उजेडात, हनुवटी वर, मेकअपसकट. एवढ्यानेच दुहेरी हनुवटी निम्मी होते. उजेड, अंतर, कोन आणि हावभाव सारखे असतील तरच तुलना करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोटो कधी काढलाय. नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरायला वर्षभर लागतं, त्यामुळे तीन आठवड्यांचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. लायपोसक्शननंतरचा (नळीने चरबी शोषून काढल्यानंतरचा) आकार तीन ते सहा महिन्यांनी स्थिरावतो. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, नवे तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, आणि खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी दिसतो. म्हणून वर्षभरानंतरचे, तुमच्यासारख्या कातडीचे आणि तुमच्यासारख्याच तक्रारीचे फोटो मागा. व्रणांचेही मागा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर जाड, उठलेला व्रण राहण्याची शक्यता जास्त असते, आणि जाहिरातीतल्या फोटोत नेमके व्रणच झाकलेले असतात. केसरोपणात डोक्याची मागची बाजू बघा. रोपायची मुळं तिथूनच घेतात; ती बेताने काढली नसतील तर विरळ ठिपके दिसतात, आणि तिथली मुळं पुन्हा येत नाहीत.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात : बरेच अभिप्राय टाके निघायच्या आधीच लिहिलेले असतात. त्यातून स्वागतकक्ष कसा आहे ते कळतं.

‘लोकल भूल, म्हणजे धोका शून्य’

लोकल भुलीच्या औषधालाही मात्रेची मर्यादा आहे, आणि ती वजनावर ठरते. अ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे नेहमीचं लोकल भुलीचं औषध, साधं टोचायचं तर किलोमागे ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं फक्त २१ मिलिलिटर. दिवसभर चालणाऱ्या केसरोपणात ‘अजून दुखतंय’ म्हटल्यावर पुन्हा पुन्हा टोचत गेलं तर ही मर्यादा कधी ओलांडली ते हिशोब ठेवल्याशिवाय कळत नाही.

लायपोसक्शनमध्ये लिटरभर सलाइनमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन घालून ते पातळ द्रावण चरबीत सोडतात. इथे सर्वमान्य सुरक्षित मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला २,१०० मिलिग्रॅम, सुमारे चार लिटर द्रावण. काही जण त्याहून वर जातात. पण चरबीतून हे औषध हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याची सर्वोच्च पातळी अनेकदा ८ ते १६ तासांनी येते. ‘दोन तासांत घरी’ गेलेला रुग्ण तेव्हा रात्री एकटा झोपलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंजन, असंबद्ध बोलणं ही सुरुवातीची लक्षणं. पुढे झटके येतात आणि हृदयाचा ताल बिघडतो.

म्हणून जागा महत्त्वाची. तिथे ऑक्सिजन, मॉनिटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि २० टक्के लिपिड इमल्शन आहे का, असं सरळ विचारा. लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, हा लोकल भुलीच्या औषधाच्या विषबाधेवरचा उपाय आहे. ते काय असतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडे लायपोसक्शन करून घेऊ नये. पाच लिटरहून जास्त चरबी काढायची असेल तर रात्रभर देखरेखीचं हॉस्पिटलच हवं, आणि वजन कमी करण्यासाठी लायपोसक्शन सुचवणारा डॉक्टर मुळातच चुकीचं सांगतोय. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर ते देणारा आणि सतत लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञ वेगळा हवा. सर्जनने दोन्ही कामं करू नयेत.

२०१९मध्ये मुंबईत केसरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला, तेव्हा एकाच बैठकीत ९,५०० ग्राफ्ट (केसांच्या मुळांचे छोटे पुंजके) लावल्याच्या बातम्या होत्या. साधारण २,००० ते ३,००० ग्राफ्ट हे एका दिवसाचं पुरेसं काम आहे. ‘एकाच दिवसात सगळं’ हे आमच्या मते उठून बाहेर पडण्याचं कारण आहे.

फिलर सुईनेच देतात, म्हणून तेही क्षुल्लक वाटतं. पण ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी-निळसर पडून मरते, आणि नाक व भुवयांमधल्या भागातून डोळ्याच्या वाहिनीत पोचलं तर दृष्टी जाते. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर हायलुरोनिडेजने विरघळतं. ते औषध त्याच खोलीत असायला हवं, मागवून आणायला वेळ नसतो. कायमस्वरूपी फिलरला असा उतारा नाही.

‘पॅकेज आणि लेखी गॅरंटी देणारा खरा’

जखम कशी भरेल हे कुणाच्याच हातात नसतं, त्यामुळे निकालाची गॅरंटी देणारा एकतर विषय जाणत नाही किंवा खोटं बोलतोय. लेखी हवं ते दुसरंच : दुरुस्तीची वेळ आली तर सर्जनची फी, ओटीचा आणि भुलीचा खर्च कोण देणार? चाकू नक्की कोण धरणार, तपासणारा डॉक्टर की आणखी कुणी? गुंतागुंत झाली तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये हलवणार? आजच पैसे भरले तर सूट, असं सांगणारा क्लिनिकचा ‘सल्लागार’ हा डॉक्टर नसतो. कॉस्मेटिक सर्जरीला घाई नसते. पहिल्या भेटीनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

संमतिपत्र टेबलावर नेताना नव्हे, आधी घरी वाचायला मिळायला हवं. २००८च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती पुरेशा माहितीवर आणि त्या विशिष्ट उपचारासाठीच असते. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नका.

‘बिल नको असेल तर कमी करू’ याला नाही म्हणा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून हा मोह दाखवला जातो. पण बिलाविना ग्राहक आयोगात तुम्ही पैसे दिल्याचंच सिद्ध करावं लागतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. बिलाबरोबर ऑपरेशनची नोंद, भुलीचा तक्ता, फिलरच्या डब्यावरचं स्टिकर किंवा इम्प्लांटचं अनुक्रमांकासह कार्डही घ्या. अधिकृतपणे मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरवर वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि ते जपून ठेवण्याची त्यांची मुदत तीनच वर्षांची असते. तेव्हा टाके काढायला जाल त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या.