‘झेडपी शाळा बंद करा’ या मेसेजचं गणित कुठे चुकतं

‘असर’चा, म्हणजे खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचा, अहवाल आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच. सरकारी शाळेतल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, खासगी शाळेतल्यांना येतो. गुरुजींचे पगार मात्र भक्कम. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळा बंद करा आणि त्याच पैशांत मुलांची खासगी शाळेची फी भरा. यातला पहिला आकडा बरोबर आहे. गडबड त्यानंतर सुरू होते.

‘मुलांना वाचताच येत नाही.’ ‘असर २०२४’नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. या चाचणीला चार पायऱ्या असतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. जे मूल उतारा नीट वाचतं पण गोष्टीत अडखळतं, तेही या हिशेबात नापासांकडे जातं. उरलेली ५५ टक्के मुलं निरक्षर आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय हा आकडा देशाचा आहे, आणि फक्त खेड्यांचा. मुंबई-पुण्याच्या महापालिका शाळा त्यात नाहीतच, तरी मेसेज त्यांनाही त्याच टोपलीत टाकतो.

‘खासगी शाळा चांगलं शिकवते म्हणून मुलं पुढे.’ त्याच अहवालात खासगीचा आकडा ५९.३ आहे. फरक साडेचौदा टक्क्यांचा. पण हा मुलामुलांमधला फरक आहे, आणि तो सगळा शाळेच्या खात्यावर मांडता येत नाही. फी भरणाऱ्या घरात आईवडील बहुधा जास्त शिकलेले असतात, शिकवणी लावलेली असते, घरात वाचायला काहीतरी असतं. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतलं मूल घरी पावरी, कोरकू, माडिया बोलतं आणि चाचणी मराठीत देतं. या सगळ्यातून शाळेचा वाटा वेगळा काढायचा तर एकसारख्या घरांतली मुलं दोन्हीकडे पाठवून पाहावी लागतात.

तेही करून झालं आहे. आंध्र प्रदेशात २००८ पासून पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी अर्ज केलेल्या सरकारी शाळेतल्या मुलांमधून सोडत काढली. नाव निघालं त्यांची खासगी शाळेची फी भरली, बाकीची मुलं तुलनेला धरली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हिंदीत खासगीवाली बरीच पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता, आणि तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊनही त्यांनी तेवढंच साधलं होतं. मेसेजवाल्यांचा खर्चाचा मुद्दा इथे टिकतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. ‘तिकडे गेलं की वाचायला येतं’ हा मात्र टिकत नाही.

महाराष्ट्रात तर पाचवीचा आकडा आणखी फसवा आहे. आपल्याकडची जुनी रचना पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवीपासून हायस्कूल अशी. अनेक गावांत मूल चौथीपर्यंत झेडपीत शिकतं आणि पाचवीला संस्थेच्या अनुदानित शाळेत जातं. ‘असर’ घरोघरी जाऊन मूल *आत्ता* कुठे शिकतं एवढंच विचारतं. म्हणजे ज्या मुलीला झेडपीच्या बाईंनी वाचायला शिकवलं, ती पाचवीत खासगीच्या खात्यावर जमा होते!

‘अमुक शाळेचा निकाल ७५ वरून ५० टक्क्यांवर आला, बघा.’ राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. पाचवीत चार मुलं असतील आणि तिघं वाचत असतील तर ७५ टक्के. त्यातलं एक चाचणीच्या दिवशी अडखळलं की ५०. दहा मुलांच्या वर्गातही शिकवणं अजिबात न बदलता निकाल एका वर्षी ४० आणि दुसऱ्या वर्षी ८० येऊ शकतो. तीस-चाळीसपेक्षा कमी मुलं असतील तर टक्के काढूच नयेत, नावं मोजावीत. बीड आणि अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक घोळ असतो : दिवाळीच्या आसपास कोयता (ऊसतोड कुटुंबं) निघाला की मुलंही सोबत जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृह चाललं तर काही मागे राहतात. एप्रिलच्या चाचणीला बसलेलं मूल शाळेत किती महिने होतं, हे निकालपत्रक सांगत नाही.

‘वीस पोरांना दोन मास्तर, फुकटचा पगार.’ शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पण पाचवीपर्यंतच्या शाळेत इयत्ता असतात पाच. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. दिवसाचे पाच तास प्रत्यक्ष शिकवलं तरी या दुसऱ्याच्या वाट्याला दर इयत्तेमागे १०० मिनिटं येतात, त्यात सगळे विषय. जोडीदार प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही इयत्ता एकाकडे, म्हणजे दर इयत्तेला तासभर.

‘सरकारने फी भरावी.’ वीस पटाची शाळा बहुधा असते ती पाड्यावर, वस्तीवर, जिथे खासगी शाळा सहसा नसतेच. फी कोणाला भरणार?

झेडपी शाळेत सगळं आलबेल आहे, असं मात्र नाही. स्वतःच्या गावची शाळा तपासायची तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सरासरी मागू नका. सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत प्रत्येक मूल अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी कुठे होतं आणि वर्षाच्या शेवटी तेच मूल कुठे पोचलं, असा तक्ता मागा. उपस्थितीचे दिवस शेजारच्या रकान्यात. अक्षरावरून उताऱ्यावर आलेली मुलं किती आणि जागच्या जागी राहिलेली किती, ते मोजा. जागच्या जागी राहिलेल्यांत नियमित हजर मुलं जास्त असतील तर प्रश्न शिकवण्याचा आहे, आणि तो गुरुजींना तिथेच विचारा. मध्येच दाखला घेऊन गेलेली आणि मध्येच आलेली मुलं वेगळ्या यादीत ठेवा.