२०० रुपयांची वायर आणि २०,००० चे बड्स: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर थोडक्यात असा: “ब्लूटूथ आवाजाचा चुराडा करतं. २०० रुपयांचा वायरचा इअरफोनसुद्धा २०,००० च्या बड्सना भारी पडतो. वायरला ना लॅग, ना बिघाड. फोनला जॅक नसेल तर कुठलंही टाइप-सी अडॅप्टर लावा. आणि खरा आवाज हवा तर डॅक घ्याच.” (लॅग म्हणजे आवाज उशिरा येणं; डॅक म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा इअरफोनला चालणारा ॲनालॉग विद्युत-सिग्नल करणारी चिप किंवा ती असलेलं उपकरण.)

वायरची बाजू जरूर घ्यावी. पण या मजकुराने ती भलत्याच कारणांवर उभी केली आहे आणि भक्कम कारणं तशीच राहून गेली आहेत.

“ब्लूटूथ आवाजाचा चुराडा करतं.” गाणं दाबून, म्हणजे काही तपशील गाळून लहान करून, पाठवलं जातं हे खरं. दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. साध्या एसबीसी कोडेकला वरच्या दर्जात सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट मिळतात, आयफोनच्या एएसीला २५० च्या आसपास, एलडॅकला कमाल ९९०. पण फोनवर येणारं गाणंही बहुतेक वेळा आधीच दाबलेलं असतं. स्पॉटिफायची वरची मर्यादा वर्षानुवर्षं ३२० किलोबिटच होती. ते पुन्हा एकदा दाबलं म्हणून जे हरवतं ते शांत खोलीतही भल्याभल्यांना ओळखता येत नाही, रस्त्यावर तर सोडाच.

खरा चुराडा होतो तो माइक चालू झाल्यावर. तेव्हा नेहमीचे ब्लूटूथ हेडसेट कॉलच्या जोडणीवर जातात: डाव्या-उजव्याऐवजी एकच चॅनल, जुन्या पद्धतीत ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाच्या ८ हजार नोंदी), नंतरच्या पद्धतीत १६. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच मागचं गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं ते यामुळेच. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत ही अडचण कमी होते, पण त्यासाठी दोन्हीकडची उपकरणं तशी हवीत. वायरला हा प्रश्नच नाही, आणि नेमका हाच मुद्दा फॉरवर्डमध्ये नाही.

“२०० रुपयांचा वायरचा भारी पडतो.” सिग्नल कुठून आला यापेक्षा इअरफोनचं ट्यूनिंग (खालच्या, मधल्या, वरच्या स्वरांचा तोल) कसं आहे आणि तो कानात नीट बसतो का, यावर आवाज कितीतरी जास्त अवलंबून असतो. अगदी स्वस्तात बास फुगवलेला असतो आणि त्याखाली गायकाचा आवाज दबतो. दीड-दोन हजारांत १० मिलिमीटरच्या एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग; डायनॅमिकमध्ये कॉइलने हलणारा पडदा असतो), नीट ट्यून केलेले वायरचे इअरफोन मिळतात. वायरचा खरा फायदा इथे आहे: बॅटरी, रेडिओ आणि चार्जिंगच्या डबीवर पैसा जात नाही.

पण तेही सैल बसले तर फुकट. डग्ग्याचा घुमारा स्पष्ट असलेलं एखादं गाणं लावा आणि दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच आत दाबा. घुमारा एकदम वाढला तर हवा गळते आहे; मोठ्या मापाची टिप (कानात जाणारी मऊ टोपी) लावा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तरी नवल नाही. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा. फोमची टिप असेल तर आधी बोटांत वळून बारीक करायची, आत घातल्यावर फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. खोक्यातल्या मधल्या मापाच्या टिप्स लावून “यात बासच नाही” म्हणणारे अर्धेअधिक इथेच फसतात.

आणि लोकलच्या डब्यात? नीट बसलेली टिप वरचे आणि मधले आवाज चांगले अडवते, पण चाकांची घरघर आणि मोटरींचा खर्ज तिला तितकासा जुमानत नाही. तिथे नॉइज कॅन्सलिंगचे, म्हणजे बाहेरचा गोंगाट उलट्या लहरींनी खोडणारे, बड्स सरस ठरतात. नाहीतर हात आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते.

“ना लॅग.” बरोबर. बड्समध्ये १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर सर्रास असतो. व्हिडिओचं ॲप चित्र मागे ओढून तो झाकतं. गेममध्ये किंवा वाद्याच्या कीबोर्डवर सराव करताना झाकता येत नाही.

“ना बिघाड.” हे लिहिणाऱ्याने पिनेच्या मानेशी वायर कधी वाकवलेली दिसत नाही. तुटते ती तिथे, नाहीतर दोन फाटे फुटतात तिथे. म्हणून सुटी होणारी वायर बघून घ्यावी: ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची किंवा एमएमसीएक्सची (दाबून बसणाऱ्या गोल जोडणीची). एक बाजू गेली तर डावा-उजवा इअरफोन वायरवर अदलाबदल करून पाहा. दोष इअरफोनबरोबर सरकला तर इअरफोन गेला, जागीच राहिला तर वायर. दोन पिनांची वायर एका बाजूला उलटी बसली तर बास पातळ होतो आणि गायक नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं. ती बाजू काढून फिरवून लावली की झालं.

गायक गायब, नुसता प्रतिध्वनी आणि वाद्यं उरली, तर आधी फोनचा जॅक तपासा. खिशातला कचरा आत दाबला गेला की पिन पूर्ण बसत नाही, अर्थिंग (दोन्ही बाजूंची सामाईक तार) जोडलं जात नाही आणि दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं वजा होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कचरा हलकेच उकरून काढायचा, सुई नको. एकच बाजू हळू वाजत असेल तर बहुधा जाळीत मळ आहे. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटकावी, पाणी किंवा स्पिरिट आत ओतू नये.

चालताना वायर कपड्यांना घासून कानात धबधब ऐकू येते, तेही सोयीच्या हिशेबात धरायला हवं. कानावरून मागे नेऊन घातली तर बरीच कमी होते.

“कुठलंही अडॅप्टर लावा.” कुठलंही नाही. काही अडॅप्टरांत नुसत्या तारा असतात. फोनने स्वतः ॲनालॉग आवाज पोर्टमधून बाहेर दिला तरच ती चालतात. आयफोन १५ पासूनचे आयफोन आणि बरेच अँड्रॉइड फोन तो देत नाहीत. डॅक चिप आत असलेलं अडॅप्टर घ्यायचं; पाकिटावर ‘डॅक’ किंवा ‘२४ बिट/९६ किलोहर्ट्झ’ असं काही लिहिलेलं असतं. ॲपलचं छोटं अडॅप्टर छान आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर हळू वाजतं, कारण चिपचा स्वतःचा व्हॉल्यूम फोन पूर्ण वर नेत नाही. शिवाय चार्जिंगचं भोक अडतं ते वेगळंच.

“डॅक घ्याच.” म्हणजे त्या अडॅप्टरच्या वर आणखी एक. बऱ्या अडॅप्टरमधल्या चिपचा गोंगाट आणि विकृती कानाला जाणवत नाही. अपवाद अनेक बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (चिमुकल्या पात्याने आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरांच्या) इअरफोनचा: त्यांचा रोध (विजेला होणारा अडथळा) वारंवारतेनुसार वरखाली होतो आणि त्याने आवाजाचा तोल बदलू शकतो, म्हणून स्रोताचा, म्हणजे फोनचा किंवा डॅकचा, रोध इअरफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा, १६ ओहमला २ ओहमहून कमी. एका डायनॅमिक ड्रायव्हरला सहसा काही फरक पडत नाही. दुकानात दोन डॅक ऐकून पाहणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या; जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला जास्त स्वच्छ वाटतो, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.