खबऱ्याचं नाव लपवा, पण बातमीची वेळ लिहून ठेवा

'गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली की...' वकिली करताना हे वाक्य फिर्यादीत कायम वाचायला मिळतं. पुढचंही ठरलेलं: सापळा रचला, दोन पंच बोलावले, इसम संशयास्पद हालचाली करताना दिसला.

खबरी नकोतच, असं माझं म्हणणं नाही. टोळीच्या आतली खबर आतलाच माणूस देतो आणि नाव फुटलं तर त्याचा जीव जातो. म्हणूनच बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कायदा पोलिसांवर करत नाही. ते योग्यच आहे. पण खबऱ्यासाठी केलेल्या आडोशामागे पोलिसांनी स्वतःचा गुन्हा लपवायचा?

११ नोव्हेंबर २००६. गुंड असल्याचा आरोप असलेला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ मारला गेला. पोलीस म्हणाले, तो येणार अशी बातमी होती, पकडायला गेलो तर त्याने गोळी झाडली. प्रत्यक्षात त्याच दिवशी त्याला वाशीतून उचललं होतं. तो जिवंत असतानाच त्याचा वकील भाऊ पोलिसांच्या वरिष्ठांना त्याला उचलल्याच्या तारा पाठवत होता. त्या तारा नसत्या तर 'बातमी'च खरी ठरली असती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. त्या वेळी निर्दोष सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेलेत. आणि चकमकीचा प्रत्यक्षदर्शी? साक्षीच्या तोंडावर, २०११ मध्ये, तो बेपत्ता झाला. नंतर मृतदेहच सापडला.

'गुंडच होता ना' म्हणणाऱ्यांना विचारतो: हातात सापडलेल्या माणसाला कोर्टात उभं करायला काय अडचण होती?

१९९५ ते ९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे १३५ जीव, यावरची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१४ मध्ये न्यायालयाने नियम घालून दिले. त्यातला पहिलाच नियम असा, की बातमी आली की ती नोंदवून ठेवा.

अमली पदार्थांच्या कायद्यात तर झडतीआधीची बातमी लेखी घेऊन तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. खबऱ्याचं नाव त्यात लागत नाही. हीच पद्धत प्रत्येक सापळ्याला, प्रत्येक छाप्याला लावा आणि ती प्रत वरिष्ठांऐवजी सीलबंद पाकिटात दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या.