औषधाला ‘कुठलाही चमचा’ चालत नाही

‘मापांचा तक्ता, जपून ठेवा’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरेना का! पण आमच्या वहिनीने त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय आणि घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. आता गप्प बसवत नाही.

पहिलीच ओळ बघा: ‘घरातला कुठलाही छोटा चमचा म्हणजे 5 मिली. औषधाचं मापाचं झाकण हरवलं तरी काळजी नको.’ काळजी नको? टीस्पून 5 मिलीचा असतो हे खरं, पण तो मोजायचा चमचा. पोह्यांच्या बशीतला नव्हे. ग्रीसमध्ये 25 घरांतले चमचे गोळा करून मोजले होते, 2010 साली ते छापूनही आलं. छोट्या चमच्यांत कुठे 2.5 मिली मावत होतं, कुठे 7.3. एका घरात अर्धा डोस, शेजारी जवळजवळ दीडपट. त्यात पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचंही मिळतं, 250चंही. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे. ते कुणी ‘एक चमचा’ पाजले तर 500 मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. कमी गेलं तर ताप हटत नाही, जास्त गेलं तर लिव्हरवर बेतू शकतं. झाकण हरवलं तर मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, किरकोळ पैशांत मिळते, आणि डॉक्टरांना डोस मिलीतच लिहायला सांगा.

‘1 मिली = 1 ग्रॅम’ पाण्यापुरतं ठीक, दुधालाही जवळपास चालतं. पण लिटरभर तेलाच्या पिशवीवर वजन बघा, 910 ग्रॅमच्या आसपास असतं. मध उलट जड, लिटरला साधारण 1.4 किलो.

कप 250 मिली? मेट्रिक कप तेवढा, अमेरिकी 237च्या आसपास. केक काही एवढ्याने बसणार नाही, सोडा. गॅलन ‘सगळीकडे साडेचार लिटर’ हेही चूक. तो ब्रिटिश गॅलन, अमेरिकेतला 3.785 लिटरचा.

आणि ‘1 पायली = 4 किलो’! अहो, पायली हे भरून मोजायचं माप. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ज्वारीची पायली आणि चुरमुऱ्यांची पायली एकाच वजनाची कशी भरेल? बरं, पायलीही मुलखागणिक लहानमोठी. हाच घोळ देशभर होता, म्हणून तर 1956 साली कायदा करून मेट्रिक मापं आणावी लागली.